वेणूआत्याचा शोध आणि माझ्या आधी येऊन गेलेली बाई

अशा सदरांत छापून येणारे अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या गच्चीवर पावलं वाजतात... वाचायचं, हसायचं, ताट उचलायचं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. योगायोग म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा असं काही लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मागच्या वर्षी कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्या बाकावर नेऊन बसवलं असतं.

झालं ते असं.

माझा चुलतभाऊ सुधीरदादा नाशिकला असतो. रिटायर झाल्यापासून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं त्याने मनावर घेतलंय. पुण्याच्या शाखेचं काम साहजिकच माझ्या गळ्यात आलं. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी जुनी वंशावळ बाबांपुढे पसरली आणि एकेक नाव वाचायला लागले. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. कान तल्लख, गुडघे संपलेले. आजोबांच्या भावंडांपाशी आले आणि वाचलं — "वेणू. अल्पायुषी."

पुढे जाणार, तोच बाबा म्हणाले, "अल्पायुषी? कुणी लिहिलंय हे?"

"छापलंय तसं."

"छापलं म्हणजे झालं? वेणूआत्या नर्स होती. तिने मला वाचवलंय."

माझी पन्नाशी उलटली. आमच्या घरात एक नर्स होऊन गेली, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं.

वेणू ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली. चुलीपाशी जन्म काढायचं सोडून तिने नर्सिंगला नाव घातलं. परक्या माणसांची अंगं पुसणार म्हणून आजोबांनी तिचं नाव टाकलं. ती हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेली.

बाबा पाचएक वर्षांचे असताना त्यांना घटसर्प झाला. आता हा रोग फारसा ऐकू येत नाही. घशात पांढरा पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. तेव्हा मुलं त्यात पटापट जायची. आजोबा पुड्या आणि काढ्यांवर अडून बसलेले. शेवटी एका दुपारी आजीने मुलाला पदराखाली घेतलं, टांगा केला आणि थेट वेणूआत्याचा वॉर्ड गाठला.

"पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं," बाबा म्हणाले. "ती माझ्या खाटेवरच बसायची. हात गार असायचे तिचे. मग एक दिवस वडील आले, वॉर्डात आरडाओरडा केला आणि मला उचलून घेऊन गेले. मी पुरता बराही झालो नव्हतो. ती पायऱ्यांपर्यंत मागे आली होती. लगेच वडिलांची नागपूरला बदली झाली. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती."

"मग पुढे तिचं काय झालं?"

"तेच तर ठाऊक नाही. आई होती तोवर विचारायचा धीर झाला नाही. नंतर विचारायला कुणी उरलं नाही." त्यांनी वंशावळीतल्या त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंजू, शोधशील का? माझ्या डोळ्यांदेखत कळलं तर बरं होईल."

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी कामाला लागले.

माझ्या एका सहकारी बाईंची आई नर्स होती. तिच्याकडून एक नाव कळलं — वेणूआत्याच्याच हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन, नव्वदीला टेकलेल्या, रास्ता पेठेत एकट्या राहतात. सकाळी फोन केला, दुपारी गेले. पहिला मजला, दाराला जाळी. मी "मेट्रनबाई आहेत का?" म्हणून हाक मारली, तशा त्या भिंतीला धरत आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"परत आलात?"

"परत? नाही हो, मी पहिल्यांदाच येतेय. सकाळी फोन केला होता मी..."

"फोन आज केलात. येऊन गेलात गेल्या आठवड्यात. डोळे गेले म्हणजे कानही गेले असं समजू नका. आवाज हाच होता."

मी वाद घातला नाही. नव्वदीच्या माणसाशी काय घालायचा! वेणूआत्याचं नाव काढल्यावर मात्र बाईंचा चेहरा उजळला. त्या शिकाऊ होत्या तेव्हा वेणूआत्या वॉर्डच्या सिस्टर होत्या. "फार कडक. चादरीला सुरकुती दिसली तर सगळी खाट पुन्हा लावायला लावायच्या. मुलांच्या वॉर्डातून बदली घ्या म्हणून वरून सांगितलं, बढती देतो म्हणाले, तरी हलल्या नाहीत." वॉर्डात कुणीतरी तान्ही मुलगी टाकून गेलं होतं, तिला वेणूआत्याने रीतसर आपली मुलगी करून घेतलं. मग क्वार्टर्स सोडून मंडईमागे एका भांड्यांच्या दुकानाच्या वरची खोली घेतली. एवढं मेट्रनबाईंना ठाऊक होतं.

निघताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "गेल्या आठवड्यात मी... म्हणजे ज्या बाई आल्या होत्या, त्यांना काय हवं होतं?"

"एकच विचारलंत. मुलगा वाचला का? मी म्हटलं, कुठला मुलगा? जन्म मुलांच्या वॉर्डात काढला मी, नाव तरी सांगा. तर गप्प. चहा टाकायला आत गेले, बाहेर येते तर कुणी नाही. दार ओढून घ्यायची पद्धत हल्ली राहिलेली दिसत नाही."

मी जाताना दार अगदी आवाज करून ओढून घेतलं.

रिक्षातच मी सुधीरदादाला फोन लावला. म्हटलं, वेणूआत्याच्या मागे तू अजून कुणाला लावलंयस का? तो म्हणाला, "अगं, तुलाच फोन करून करून थकलो मी. दुसरं कोण करतंय फुकटात?" म्हणजे तोही नाही. मग मी स्वतःला समजावलं — वयोमान आहे. कुणीतरी दुसरीच बाई दुसऱ्याच कामासाठी आली असणार आणि यांच्या डोक्यात सगळी सरमिसळ झाली असणार. तरी एक गोष्ट खुपत राहिली. मी मेट्रनबाईंना बाबांचं आजारपण सांगितलंच नव्हतं. नात्यातल्या एका नर्सची माहिती हवीय, एवढंच बोलले होते. मग 'मुलगा' कुठून आला?

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मंडई गाठली. मंडईमागे भांड्यांची दुकानं काही कमी नाहीत. दोन ठिकाणी विचारून तिसऱ्या ठिकाणी पोचले. गल्ल्यावर साठीचे मालक होते. वेणूआत्याचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवलं.

"सिस्टरबाई! अहो, माझा जन्मच त्यांच्या हातचा. वरच राहायच्या. या, बसा बसा."

त्यांची सून आतल्या बाजूला पितळी समया पुसत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, कालच्या त्या बाई यांच्याच घरातल्या असणार. बघा ना, कपाळ सेम आहे."

माझ्या हातातली पर्स मी मांडीवर घट्ट धरली, एवढं आठवतंय.

"कालच्या कोण?"

"नाव नाही सांगितलं. पप्पा, तुम्ही दुपारचे घरी जेवायला गेलेले तेव्हा," ती सासऱ्यांकडे वळून म्हणाली, मग पुन्हा माझ्याकडे. "तुमच्यापेक्षा लहान होत्या, पस्तिशीच्या वगैरे. निळसर साडी. उन्हातून आलेल्या वाटल्या म्हणून पाणी दिलं, तर घेतलं नाही. डायरेक्ट विचारलं, मुलगा वाचला का? मी जाम घाबरले. माझ्या भावाचा मुलगा डेंग्यूने अ‍ॅडमिट होता ना. म्हटलं ओळखीच्या असतील. मी म्हटलं, हो, काल घरी आणला, बरा आहे. तर म्हणाल्या, 'हा नव्हे.' आणि गेल्या."

मालक सुनेवर वैतागले. "असं कुणीही येतं आणि तू घरातलं सांगत बसतेस." मग मला म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. मंडईत शंभर तऱ्हेची माणसं येतात."

त्यांच्याकडून पुढचा धागा मिळाला. वेणूआत्याने सांभाळलेल्या त्या मुलीचं नाव शांता. ती वरच्या खोलीतच लहानाची मोठी झाली. लग्न होऊन मांजरीला गेली, शेतकरी कुटुंबात. मालकांच्या वडिलांनी लग्नात पाहुण्यांची पंगत वाढली होती. पुढे सिस्टरबाई थकल्या तशी शांता त्यांनाही मांजरीला घेऊन गेली आणि तिथेच त्या गेल्या. मालकांनी ओळखीतून फोन फिरवून पत्ता काढून दिला. शांताबाई हयात आहेत, मळ्यातच राहतात.

स्वारगेटपर्यंत मी चालत आले. डोकं चालूच. काल दुपारी मी रास्ता पेठेत होते. दुकानाचं मला कळलं तेच काल दुपारी. म्हणजे ती बाई माझ्या मागावर नव्हती, माझ्या पुढे होती. बरं, कुणी आमच्या घराण्याची माहिती काढत असेल तर नाव-गाव विचारेल, वंशावळीतलं काही विचारेल. 'मुलगा वाचला का' हा प्रश्न कोण विचारेल? तो प्रश्न ज्याला पडलेला असेल, त्यालाच ना? आणि त्या मुलाला शेवटचं पाहणारी, पुढचं काहीच न कळलेली बाई एकच होती.

हे असं मनात आलं आणि मी स्वतःवरच चिडले. घरी मिलिंदला — माझ्या नवऱ्याला — सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या विषयात याला काय म्हणतात?" मी म्हटलं, अपुरा डेटा.

बाबांना मात्र त्या बाईबद्दल काहीही सांगितलं नाही. या वयात उगाच घोर नको. शांताबाईंचा पत्ता लागलाय, एवढंच सांगितलं. मी एकटी जाऊन येणार होते, पण बाबा सकाळी शर्ट-पँट घालून, केस विंचरून सोफ्यावर तयार.

"खड्डे आहेत हो बाबा रस्त्यात."

"माझ्या आत्याची मुलगी आहे ती. तू एकटीने जाऊन काय करणार?"

हडपसर ओलांडून मांजरीत शिरलो. एकीकडे वीस-वीस मजल्यांचे टॉवर, त्यांना खेटून ऊस. सांगितलेल्या खुणेपाशी वळलो तर पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला. गाडी पुढे जाईना. बाबांना तेवढं चालवणार नाही. मी गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली, त्यांच्या बाजूची काच खाली केली, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हटलं, घर बघून येते, मग कुणाला तरी सोबत घेऊन तुम्हाला नेते.

दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून एकच पायवाट. वळणापलीकडे घर लागलं. वाटेत मला कुणीही भेटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय.

शांताबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"या. काय राहिलं का? तुमची बहीण आत्ताच गेली की. वाटंत गाठ पडली न्हाई?"

"मला बहीण नाही," मी म्हणाले.

"मग कोण हो ती? तोंडावळा आमच्या आईचा, म्हणून मी म्हटलं आईच्या माहेरची असंल, भाचीबिची. तुमचा बी तसाच हाय. बस म्हटलं तर बसली न्हाई. इचारलं, मुलगा वाचला का."

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मलाच ठाऊक न्हाई." शांताबाईंनी पदराने हात पुसले. "आमच्या आईचा तो एकच ध्यास होता बघा. भावाचा मुलगा, बाळू. वॉर्डातनं अर्ध्यात उचलून नेला. आई मागनं भावाच्या घरी गेली तर कुलूप. शेजारी कुणी म्हणालं पोर गेलं, कुणी म्हणालं गाव सोडला. खरं काय ते तिला कुणी सांगितलंच न्हाई. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. मी सुद्धा. पण घरी कुणी बी आलं की इचारायची, बाळू वाचला का हो? आम्ही म्हणायचो, वाचला वाचला. तिला पटायचं न्हाई. म्हणायची, तुम्ही बघितला का?"

माझ्या बाबांचं घरातलं नाव बाळू. त्यांना त्या नावाने हाक मारणारं आता कुणीही उरलेलं नाही. वंशावळीत ते नाव नाही. सुधीरदादालाही ते माहीत नव्हतं, मी नंतर विचारलं.

"शांताबाई," मी म्हटलं, "बाळू वाचला. तो पलीकडे गाडीत बसलाय. माझे वडील आहेत ते."

बाई तशाच उठल्या, पायांत चपलाही न घालता चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. त्याच पायवाटेने, तोच ऊस, मध्ये चिटपाखरू नाही.

बाबा गाडीत होते तसेच होते. फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवलेला आणि एक हात हनुवटीला. मला पाहून म्हणाले, "काय गं, कुणाला पाठवलं होतंस?"

"कुणाला?"

"आत्ता आली होती ती. निळ्या साडीतली मुलगी. खिडकीत वाकली आणि म्हणाली, आ कर."

"आ करा?"

"आ कर. अरे-तुरेच. आणि मी केला! का केला ते विचारू नकोस. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, घशात नीट बघितलं. मग म्हणाली, 'साफ आहे.' आणि गेली."

"कुठल्या बाजूला गेली?"

बाबांनी पायवाटेकडे बोट दाखवलं. ज्या वाटेने आम्ही दोघी आत्ता आलो होतो, त्याच वाटेकडे.

शांताबाईंनी गाडीचं दार धरलं. "आईची सवय होती ती," त्या हळूच म्हणाल्या. "पोर कुणाचं बी असो, आधी आ करायला लावायची. घसा बघितल्याबिगर खाऊ देत नव्हती." मग खाली वाकून त्यांनी बाबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाळूदादा... वाचलात व्हय हो तुम्ही."

"वाचलो की," बाबा म्हणाले. "चांगला ऐंशी पार करून वाचलो." आणि मग माझे बाबा, ज्यांना मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, ते शांताबाईंचा हात धरून लहान मुलासारखे रडले.

शांताबाईंच्या मुलाने नंतर बाबांना मोटारसायकलवर बसवून घरापर्यंत नेलं. दुपारभर दोघं बोलत होते. भिंतीवर वेणूआत्याचा फोटो होता, हार घातलेला, अगदी म्हातारपणचा. तरुणपणचा एकही नाही, शांताबाईंनी सगळं शोधलं. बाबा त्या फोटोकडे बघून म्हणाले, "हिला मी ओळखत नाही. म्हातारी कधी पाहिलीच नाही ना."

यानंतर मी माझ्या परीने सगळं तपासलं. आसपासच्या वस्तीत, शाळेत, दवाखान्यात विचारलं. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका त्या दिवशी तिकडे गेल्या नव्हत्या, आणि गेल्या असत्या तरी ऐंशीच्या गृहस्थाला कुणी आ कर म्हणत नाही. टॉवरच्या वॉचमनने निळ्या साडीतलं कुणी पाहिलं नव्हतं. भांड्यांच्या दुकानातल्या सुनेला मी आमच्या नात्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बायकांचे फोटो मोबाइलवर दाखवले, ती प्रत्येकीला नाही म्हणाली. मिलिंदचं म्हणणं, बाबांना डुलकी लागून स्वप्न पडलं असेल. असेल. पण मग मेट्रनबाई, सून, शांताबाई — एकमेकींना न ओळखणाऱ्या तिघींनी तोच प्रश्न मला कसा ऐकवला? तिघींशी वेगवेगळी बोललेली मीच होते आणि मी तो प्रश्न एकीलाही सांगितला नव्हता.

सुधीरदादाने वंशावळीतला तो शब्द काढला. तिथे आता 'परिचारिका' आहे, आणि खाली कन्या म्हणून शांताबाईंचं नाव. यावर नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली, ती व्हायचीच. भाऊबीजेला शांताबाई आमच्याकडे सहकारनगरला आल्या होत्या, बाबांना ओवाळायला. वेणूआत्याचं जास्त लाडकं कोण, यावर दोघांचं भांडणही झालं.

मला उत्तर सापडलेलं नाही. सापडेल अशी आशाही आता फारशी नाही, आणि ते नाही म्हणून झोप उडते असंही नाही. एकदा संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं — रास्ता पेठ, मंडई, तो प्रश्न, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी मी विचारलं, "खरं सांगा बाबा, तुम्ही ओळखलंत तिला?"

"नाही गं," ते म्हणाले. "चेहरा कुठे आठवतोय मला. पण हनुवटीला हात लागला ना, तो गार होता. आणि मला एकदम वाटलं, आता घरी सोडणार आपल्याला."